रेडिओवर बोलायचंय आणि कार्टूनला आवाजही द्यायचाय? मग हे नीट वाचा

"माझा आवाज चांगला आहे, सगळे म्हणतात रेडिओवर जा" असं सांगणारी पोरं-पोरी सारखी भेटतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कार्टूनला पण आवाज द्यायचा असतो. दोन्ही जमतं, एकाच माणसाला जमतं, आणि मी स्वतः दोन्ही करते म्हणून खात्रीने सांगते. पण चांगला आवाज हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. हे काम कानाचं आहे. स्वतःचं बोलणं परक्यासारखं ऐकता आलं, दुसऱ्याचं बोलणं बारकाईने टिपता आलं की बाकीचं शिकता येतं. आणि कान तयार नसेल तर भरदार आवाजाचा माणूससुद्धा चार वाक्यांत कंटाळा आणतो.

आधी एक माणूस अभ्यासाला घ्या, अमेरिकेतला केसी केसम. 1932 मध्ये डेट्रॉइटला जन्म, घर लेबनॉनहून आलेल्या लोकांचं. कोरियात सैन्याच्या रेडिओवर काम केलं, मग एकेका शहराच्या स्टेशनवर डीजे म्हणून, आणि मग 1969 ला कार्टूनमध्ये स्कूबी-डूचा दोस्त शॅगी आणि लगेच पुढच्या वर्षी, 4 जुलै 1970 ला, अमेरिकन टॉप 40 हा गाण्यांचा काउंटडाउन, म्हणजे लोकप्रिय गाणी खालच्या नंबरपासून पहिल्या नंबरपर्यंत लावायचा कार्यक्रम. तो सुरू झाला तेव्हा फक्त 7 स्टेशनांवर लागत होता, पुढे जगभर गेला. आता यूट्यूबवर दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐका. काउंटडाउनमधला केसम स्वच्छ, ऊबदार, प्रत्येक नाव नीट उच्चारणारा, आणि शॅगी म्हणजे सतत भुकेला, सतत घाबरलेला, वाक्याच्या मधेच आवाज चिरकणारा पोरगा. माणूस एकच आहे, घसा पण तोच. बदललंय काय तर श्वास कुठे घेतो, शब्द कुठे सोडतो, आवाज नाकातून काढतो की छातीतून. हे ओळखता येईपर्यंत ऐका, हा पहिला धडा.

आपल्याकडे काउंटडाउनचं हेच काम अमीन सायानींनी 1952 पासून रेडिओ सिलोनवरच्या गीतमालेत केलं. त्यांचं "बहनों और भाइयों" ऐकून अख्खी पिढी रेडिओला चिकटून बसली. तेही ऐका, पण नक्कल करायला नको, फक्त ते कुठे थांबतात ते बघा. गाण्याचं नाव सांगायच्या आधीचा तो अर्धा सेकंद.

रेडिओत शिरायचे दरवाजे

आपल्याकडे तीन आहेत. पहिला आकाशवाणी. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, सांगली, जळगाव, रत्नागिरी, परभणी, पणजी, अशी ठिकठिकाणी केंद्रं आहेत आणि तिथे नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे कॅज्युअल अनाउन्सर लागतात. त्याची जाहिरात केंद्र अधूनमधून काढतं, बहुतेक वेळा त्याच भागात राहणारा माणूस मागतात, लेखी परीक्षा असते आणि मग ध्वनिचाचणी. ध्वनिचाचणीत दिलेला कागद वाचायचा असतो आणि त्यात मुद्दाम अवघड नावं असतात, संगीतातले राग, परदेशी शहरं, संस्कृत शब्द. निवड झाली की वाणी नावाचा सर्टिफिकेट कोर्स करून घेतात. ड्युट्या महिन्याला मोजक्याच मिळतात, त्यावर घर चालत नाही हे आधीच समजून घ्या, पण शिस्त मात्र तिथे जी लागते ती दुसरीकडे कुठेच लागत नाही. क्यू शीट, म्हणजे काय कधी लागणार त्याचा कागद, बघून सेकंदावर बोलणं, ट्रान्समिशन कोरडं जाऊ न देणं, निधनाची बातमी आली तर पुढचं धमाल गाणं बदलायचं भान ठेवणं, हे सगळं तिथेच अंगात मुरतं.

दुसरा दरवाजा प्रायव्हेट एफएम, आपल्या देशात ते 2001 ला बंगळुरूपासून सुरू झालं. इथे आरजे हंट, म्हणजे नवे आरजे (रेडिओ जॉकी) शोधायची स्पर्धा, कॉलेजमधले कॉन्टेस्ट, ओळखीने पाठवलेला डेमो, अशा वाटा आहेत. इथे स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा आहे, त्यामुळे आरजेने शहराबद्दल बोलायचं ते ट्रॅफिक, पाऊस, भाजीचे भाव, मॅच, परीक्षा असं. म्हणून ज्याला आपलं शहर पायी माहीत आहे त्याला इथे खरी किंमत.

तिसरा दरवाजा लोक विसरतात, कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या गावाचं, संस्थेचं किंवा विद्यापीठाचं छोटं स्टेशन. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. रेंज छोटी असते, पैसे नसतात किंवा अगदी थोडे असतात, पण माइकसमोर भरपूर वेळ मिळतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. मोठ्या स्टेशनवर इंटर्न म्हणून कॉफी आणण्यापेक्षा छोट्या स्टेशनवर बचत गटातल्या मावशींची मुलाखत घेणं शंभर पटीने शिकवतं.

लिंक कशी लिहायची

दोन गाण्यांच्या मधे आरजे जे बोलतो ती लिंक. नवीन माणूस इथेच घसरतो कारण तो सभेला उद्देशून बोलतो. रेडिओ ऐकणारा एकटाच असतो, रिक्षात, ओट्याशी, गाडीत. "नमस्कार मुंबईकरांनो, आज शहरात सर्वत्र मुसळधार पाऊस पडत असून नागरिकांनी काळजी घ्यावी" हे नोटीस बोर्डावरचं वाक्य झालं. त्याऐवजी "छत्री ऑफिसात राहिली ना? दादरच्या पुलाखाली दोन मिनिटं थांबा, हे गाणं ऐका, तोवर सर ओसरेल" असं एका माणसाला म्हणा. "तुम्ही सगळे" हा शब्दप्रयोग वहीतून काढूनच टाका.

मग वेळ. गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकवर बोलायचं असेल तर गायकाचा पहिला शब्द यायच्या आत संपलं पाहिजे. साध्या गतीने मराठीत सेकंदाला अडीच शब्दांच्या आसपास जातात, म्हणजे 14 सेकंदांचं म्युझिक असेल तर 35 शब्द, त्यातले पाच श्वासाला सोडा, राहिले 30. वर जी छत्रीची लिंक दिलीय ती त्याहून बरीच कमी शब्दांत संपते, म्हणजे थांबायला जागा उरते, आणि ती जागा हवीच. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून रोज कुठल्याही गाण्यावर हे करा, गायकाच्या तोंडावर बोलणं पडलं तर परत पहिल्यापासून.

केसमची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे टीझर. आधी गायकाची गोष्ट सांगायची, नाव लपवायचं, ब्रेक घ्यायचा, मग उत्तर. हे मराठीत किती सुंदर बसतं बघा: "साठच्या दशकात मराठी सिनेमात एक नवा संगीतकार आला, आनंदघन. नाव आधी कोणी ऐकलेलं नाही. पण गंमत म्हणजे हे आनंदघन त्यांच्याच गाण्याच्या रेकॉर्डिंगला माइकसमोर उभे राहून गात होते. कोण होते? गाण्यानंतर सांगते." आणि गाण्यानंतर, लता मंगेशकर. ज्यांना माहीत आहे ते घरात ओरडून सांगतात, ज्यांना माहीत नाही ते थांबतात, दोघंही स्टेशन बदलत नाहीत. पण गोष्ट खरी हवी. अर्धवट ऐकलेली, फॉरवर्डमधून आलेली गोष्ट सांगून श्रोत्याला फसवू नका, तो पुन्हा विश्वास ठेवत नाही.

उच्चारांचं एकच सांगते. "चार चाकं" हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. पहिला च आणि दुसरा च वेगळा आला पाहिजे. ज्यांचं शिक्षण इंग्रजी शाळेत झालंय त्यांचा बऱ्याचदा दोन्हीकडे एकच येतो, आणि मराठी रेडिओवर ते लगेच कानाला खटकतं. ण-न, ळ-ल याचंही तेच. मात्र गावाकडचा हेल असेल तर तो पुसायला जाऊ नका. वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी ढंग ही तुमची पुंजी आहे, रेडिओवर पण आणि कार्टूनमध्ये तर त्याहून जास्त. फक्त हवी तेव्हा प्रमाण भाषा पण आली पाहिजे, म्हणजे दोन्ही खिशात.

आता कार्टून

मुंबईत डबिंगचे स्टुडिओ जास्त करून अंधेरी, ओशिवरा, वर्सोवा या पट्ट्यात आहेत. काम कसं चालतं ते नवीन माणसाला कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही काचेच्या आतल्या बूथमध्ये एकटे उभे असता, समोर स्क्रीन, स्टँडवर स्क्रिप्ट, कानात हेडफोन आणि त्यात मूळ भाषेतला आवाज, त्याला पायलट म्हणतात. काचेपलीकडे डबिंग डिरेक्टर आणि रेकॉर्डिस्ट. सीन तुकड्यातुकड्याने होतो, एकेक तुकडा म्हणजे एक लूप. एकदा बघायचं, एकदा पुटपुटायचं, तिसऱ्यांदा टेक. दुसरी पात्रं तिथे नसतात, त्यांचं आधी झालेलं असतं किंवा नंतर होणार असतं, त्यामुळे समोर कोणी नसताना भांडायचं, रडायचं, मिठी मारायची.

लिपसिंक म्हणजे नुसती लांबी जुळवणं नाही. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटतात आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला तेच दिसतं. मूळ पात्र "स्टॉप" म्हणत असेल तर "थांब" आपोआप बसतं, तोंड आधी उघडतं आणि शेवटी मिटतं. पण "शट अप" ला लेखकाने "तोंड बंद कर" लिहून दिलं असेल तर पंचाईत, स्क्रीनवर ओठ मिटलेले आणि तुमचा र अजून चालू. तिथे "ए, गप!" म्हटलं की काम झालं, दोनच अक्षरं आणि शेवटी ओठ बंद. असा पर्याय जागेवर सुचणाऱ्या कलाकाराला डिरेक्टर परत बोलावतो. मात्र सुचवायची एक पद्धत आहे, आधी लिहिलेलं एकदा प्रामाणिकपणे करून बघायचं, नाही बसलं तर "सर, असं बघू का?" म्हणून विचारायचं. न विचारता ओळ बदलली तर पुढच्या एपिसोडमध्ये संदर्भ तुटू शकतो, अर्थ राखायची जबाबदारी डिरेक्टरची असते.

आणि एफर्ट्स. पळणं, धापा टाकणं, पडणं, गिळणं, उचकी, ठसका, तोंडात घास भरून बोलणं. शॅगीचं अर्धं आयुष्य हेच करण्यात गेलं! घरी सराव करताना नवे लोक डायलॉगच म्हणतात, एफर्ट्स करतच नाहीत, आणि ऑडिशनला "जिन्यावरून पडताना ओरड" म्हटलं की लाजतात. एक पूर्ण एपिसोड म्यूट करून बघा आणि एका पात्राचे फक्त श्वास, हुंकार, किंचाळ्या द्या, शब्द एकही नाही. मला विचाराल तर यासारखा दुसरा व्यायाम नाही.

पात्राचा आवाज बनवायचा तो चित्र बघून. दात पुढे आहेत का, मान आखूड आहे का, पोट केवढं, चालतो कसा. त्याप्रमाणे आधी चेहरा आणि पाठ बदला, आवाज मागून येतो. कुबड काढून उभं राहिलं की म्हातारा सापडतो, गाल फुगवले की जाडा बेडूक. आवाज सापडला की लगेच मोबाइलवर दोन-तीन वाक्यं रेकॉर्ड करून पात्राच्या नावाने ठेवा, त्यात एक शांत, एक रागातलं, एक रडकं. पुढचे एपिसोड तीन महिन्यांनी आले की नेमकं कुठल्या पट्टीत होतं ते आठवत नाही, तेव्हा ही क्लिप कामाला येते.

लहान मुलग्यांचे रोल बऱ्याचदा बायकांकडे असतात, ते का तेही सांगते. खऱ्या मुलाचा आवाज वयात येताना फुटतो आणि मालिका तर वर्षानुवर्षं चालते. जपानमध्ये डोरेमॉनला 1979 पासून 2005 पर्यंत नोबुयो ओयामा या बाईंनी आवाज दिला, हिंदीत तो सोनल कौशलचा आहे. आपल्या मेघना एरंडेंनी हिंदीत नॉडी आणि हातोरी ही कार्टूनमधली मुलं केलीत. मुलींनो, हे क्षेत्र तुमचं आहे, फक्त एक सांभाळा, मुलाचा आवाज म्हणजे चिरका आवाज नव्हे. मुलगा वाक्य संपवताना श्वास संपवून टाकतो, मधेच विसरतो, उत्साहात दोन शब्द चिकटवतो. ते पकडा. पुरुषांनी नाना पाटेकरांचा शेरखान ऐकावा, दूरदर्शनवर 1993 ला आलेल्या हिंदी जंगल बुकमधला. किती कमी ओरडतात आणि केवढी भीती बसते, यावर विचार करा.

मराठीत डबिंगचं काम पूर्वीपेक्षा वाढलंय पण नुसत्या मराठीवर महिना निघणं कठीण आहे, हिंदी चांगली हवीच. मराठी माणसाच्या हिंदीत वाक्याचा सूर मराठी लागतो, त्यावर मेहनत घ्या. हिंदी गोष्टी रोज मोठ्याने वाचायच्या, बस.

डेमो आणि घरचं रेकॉर्डिंग

डेमो दोन वेगळे करा. रेडिओच्या डेमोमध्ये गाणी कापून फक्त लिंका, दीड-दोन मिनिटं, आणि त्यात तुम्ही तुमच्यासारखेच वाटले पाहिजेत. कार्टूनच्या डेमोमध्ये एक मिनिट, पाच-सहा पात्रं, प्रत्येकी एक-दोन वाक्यं, सगळ्यात भारी ते पहिल्या दहा सेकंदांत. प्रसिद्ध पात्रांच्या मिमिक्रीने डेमो भरू नका. ते पात्र करणारा माणूस स्टुडिओकडे आहेच, त्यांना नवीन कोण आहे ते ऐकायचंय. मागे म्युझिक नको, खोट्या इकोचा तर प्रश्नच नाही.

महागडा माइक पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, मागे दोन गोधड्या टांगा, पंखा बंद, फ्रिज लांब. माइक तोंडापासून एक वीत आणि थोडा तिरका, म्हणजे प, फ, भ चा वारा थेट आपटत नाही. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सेटिंग ठेवा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल, सगळ्यात मोठा आवाज उणे 3 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एवढं पुरतं. माइकच्या व्हिडिओंवर घालवायचा वेळ वाचनावर घालवा.

डेमो तयार झाला की डबिंग डिरेक्टर आणि को-ऑर्डिनेटर यांना छोटा, सभ्य मेसेज करा: नाव, भाषा, आवाजाचं वय, डेमोची लिंक. रोज गुड मॉर्निंग पाठवू नका. सुरुवातीला क्राऊड मिळेल, म्हणजे बाजारातला गलका, वर्गातली मुलं, ते आनंदाने करा, कारण तिथेच मोठ्या कलाकारांचं काम काचेतून बघायला मिळतं. आणि काम देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला, "पोर्टफोलिओ फी", "रजिस्ट्रेशन", काहीही नाव असू दे, एक रुपया द्यायचा नाही. वर्कशॉपची फी वेगळी, कामाची फी घेणारा माणूस काम देत नसतो.

घसा

साधं पाणी, दिवसभर थोडं थोडं. झोप. रेकॉर्डिंगच्या आधी तळलेलं आणि चहाचा मारा टाळा. सारखं खाकरून घसा साफ करायची सवय सोडा, त्याने घशातले स्वरतंतू आणखी सुजतात, त्यापेक्षा एक घोट घेऊन गिळा. तोंडात चिकचिक आवाज येत असतील तर हिरव्या सफरचंदाची फोड खाऊन बघा. आवाज बसला की कुजबुजत बोलू नका, गप्पच बसा. आणि किंचाळ्या, मारामाऱ्या, राक्षसाचं हसणं हे सेशनच्या शेवटी ठेवायची विनंती डिरेक्टरला बिनधास्त करा, चांगले डिरेक्टर स्वतःहूनच तसं लावतात. मॉर्निंग शो करणाऱ्यांनी त्याच दुपारी ओरडायचे रोल घेऊ नयेत. आवाज दोन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर घरगुती काढे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

पैसे आणि कागद

पैसे बऱ्याचदा उशिरा येतात, तीन-तीन महिन्यांनी पण. 10 टक्के टीडीएस कापून येतात, म्हणून पॅन, बिल आणि दर वर्षीचं रिटर्न नीट ठेवा, कापलेलं परत मिळू शकतं. रेडिओत नोकरी असेल तर बाहेर आवाज द्यायची परवानगी करारात आहे का ते जॉइन व्हायच्या आधी विचारा, कित्येक स्टेशनं दुसरीकडे आवाज द्यायला मनाई करतात, आणि दोन्ही करिअर करायचं असेल तर हाच मुद्दा सगळ्यात आधी मिटवायचा.

नाही म्हणायचा हक्क पण तुमचाच. केसम वीगन होता, 1995 ला शॅगीचा आवाज बर्गरच्या जाहिरातीला हवा होता, त्याने तो रोल सोडला, आणि 2002 ला परतला तो शॅगी शाकाहारी झाल्यावर. ट्रान्सफॉर्मर्स हे कार्टून पण त्याने सोडलं, कारण त्यात अरब देश अपमानास्पद पद्धतीने दाखवला होता. एवढी ताकद पहिल्या वर्षी कोणाकडे नसते, पण दारू, सट्टा, खोटी औषधं यांच्या जाहिराती करायच्या की नाही हे आधीच ठरवून ठेवा, फोन आल्यावर विचार करायला पाच मिनिटं मिळतात.

आणि आजचा सगळ्यात मोठा मुद्दा, एआय. करारात "सर्व माध्यमं, कायमस्वरूपी, सध्याची व भविष्यातील तंत्रज्ञानं" असं काही दिसलं की थांबा. त्यावरून तुमच्या रेकॉर्डिंगवर मशीन शिकवून तुमचाच आवाज विकता येतो असा अर्थ निघू शकतो. 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या प्रकरणात त्याच्या परवानगीशिवाय एआयने आवाजाची नक्कल करण्याला अंतरिम मनाई दिली, म्हणजे कायदा आपल्या बाजूने उभा राहू शकतो, पण सही तुम्हीच करून दिली असेल तर भांडणार कशावर? म्हणून लेखी मागा: ही रेकॉर्डिंग फक्त याच मालिकेसाठी, व्हॉइस क्लोनिंग आणि एआय ट्रेनिंगसाठी नाही, त्यासाठी वेगळा करार आणि वेगळे पैसे. मेल करून हेच वाक्य मराठीत नाहीतर इंग्रजीत पाठवा, उत्तर येईपर्यंत बूथमध्ये जाऊ नका, आणि ते उत्तर बिलाच्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा.